पाट्या झाकून

मस्कतच्या संग्रहालयात गुरुवारी, दुसऱ्या वर्षाचा वर्ग.
मी आधीच येऊन
पाट्यांवर पिवळे कागद डकवले:
नाव वाचायचं नाही. वीस मिनिटं नुसतं बघायचं.

मुसल्लम देवमाशाच्या सांगाड्याखालीच रेंगाळला.
बाकीच्यांनी पेन्सिली काढल्या.
हिरवट काळा दगड, कातीसारखा तुकतुकीत.
कुणी लिहिलं 'जड', कुणी 'थंड असावा'.
काचेवर बोटांचे ठसे.

मी सांगणार होतो समुद्रतळाच्याही खालचं,
प्रावरण, आणि ते वर कसं आलं,
पेपरात विचारतात तसं.

तेवढ्यात घालिया म्हणाली,
"सर, हा तर आमच्या शेळ्यांच्या गोठ्याचा दगड.
दुपारी याच्यावर बसवत नाही."

कागद काढायचा राहूनच गेला.
विचारलं, डोंगरात याचे पट्टे कुठे कलतात?
तिनं हात तिरका धरला.

दाराशी बसलेला पहारेकरी उठला.
"इब्राला याहून जास्त,"
म्हणत त्यानं आपला हात
तिच्या हाताशेजारी धरला, जवळजवळ उभा.

मग मीही धरला माझा:
आडवा, सपाट.
संगमनेरकडे
थर असे निजलेले असतात.