नाव तेंच

मयड्याहून क्लेमेन्सियाबाय आली, ऐन दुपारी,
म्हापशातल्या माझ्या दुकानाची फळी अर्धी ओढलेली.
पिशवीत केळ्यांचा फणा, फण्याखाली राउटर,
पांढरा, एकाच कानाचा, साडेनऊशेवाला.
"तिनसांजेक हो न्हिदता, पुता.
आयतारा साव्हियोचें तोंड अर्धें उगडें उरता,
आनी बोटीर वेळ थोडो."

कंपनीला हे मॉडेल आता आठवत नाही.
शेवटची डागडुजी सहा वर्षांपूर्वीची.
डबा धडधाकट,
आतलं शहाणपण तेवढं शिळं.

म्हटलं, बाय, आतला जीव बदलू या.
कुठल्या कुठल्या देशांत रात्री जागून
अनोळखी माणसांनी लिहिलेला फर्मवेअर आहे, फुकट.
चार एमबीच्या खोलीत मावावा म्हणून
मी त्यातला प्रिंटर काढलाय, रंगीत पानं काढलीत,
दार आणि कडी ठेवली आहे.
"फुकट?" म्हणाली,
आणि केळी माझ्याकडे सरकवली.

तीन मिनिटं वीज जाता कामा नये, असा नियम.
म्हापशात असले नियम कोण पाळतो?
म्हणून जुन्या स्कूटरची बॅटरी, दोन चिमटे, बारा व्होल्ट.
वीज गेली. पंखा थांबला.
राउटर चालू होता,
आणि मी जरासा फुशारलो, तेवढ्यात
सगळे दिवे विझून एकच उरला,
न लुकलुकणारा.

अशाला आमच्यात वीट म्हणतात.
झाली वीट, घाला भिंतीत.
तिनं कपाळावर खुरीस काढला.
मला मात्र अजून वीट आला नव्हता.

रबरी पायांखाली स्क्रू सापडले.
हिरव्या पाटीवर कडेला तीन भोकं, कुणी न वापरलेली.
राळेचा धूर, तीन वायरी:
एक जमिनीला,
आणि याचं तोंड त्याच्या कानाला,
त्याचं तोंड याच्या.

आधी कचरा आला. वेग चुकला होता.
मग अक्षरं सुटली, भराभर,
बेशुद्धीतून उठलेला माणूस बडबडतो तशी:
मेमरी एवढी, घड्याळ चालू,
आज एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.

ती चष्मा वर करून वाचत होती.
"सत्तरांत आग्नेलान राजदूत घेतली.
पिवळो मडगार्ड. पायलट जालो."

दुसऱ्यांदा भरलं. या वेळी फुशारलो नाही.
दिवे एकेक करून आले.
विचारलं, नेटवर्कला नाव काय देऊ?
जुनं सगळं पुसलं गेलंय, काहीही ठेवता येईल.
"नांव तेंच दवर. पासवर्डूय तोच.
साव्हियो डिसेंबरांत येतलो.
गेटीकडे पावलो म्हणटकच
ताच्या फोनाक घर कळूंक जाय."

पासवर्ड तिनं न अडखळता सांगितला,
आग्नेलच्या मोटारसायकलीचा नंबर.
गाडी भंगारात गेली त्याला वीस वर्षं झाली.
तो नंबर मी इथे लिहीत नाही.

चिमटे सोडले, डबा मिटवला.
एक स्क्रू उरला.
नेहमीच उरतो.