मात्रा

जोतिबाच्या छातीवर सहा चिकट टिकल्या,
घोट्यांना, मनगटांना चिमटे,
आणि यंत्रातून सरकत येणारा गुलाबी कागद,
चौकटीचा, पहिलीच्या गणिताच्या वहीसारखा.

डॉक्टर हिरेमठांनी पेनाचं टोक एका जागी टेकवलं.
"इथं रेघ खाली उतरायला हवी. उतरत नाही.
खोगिरासारखी वाकलीय."
पेन तसंच धरून विचारलं, "वडील कशानं गेले?"

झोपेत, मी म्हटलं. सत्तेचाळीसाव्या वर्षी.
काका लोंढ्याला, स्टेशनच्या बाकावर, बसल्या-बसल्या.

मग त्यांनी कोऱ्या पानावर आमचं घराणं काढलं :
पुरुषाला चौकोन, बाईला गोल,
गेलेल्यावर तिरकी रेघ.
माझ्या गोलाखाली माझ्या पोराचा चौकोन,
बारका, मोकळा.
"रेघ अशीच राहिली तर ह्याचाही काढू."

बेळगावहून खानापूर, खानापूरहून बेळगाव,
सहा दिवस तो चौकोन माझ्या पर्समध्ये.
रात्री पोरगा झोपला की मी नाकाशी बोट धरायची.
वहिनीची आई फोनवर सांगायची,
"आमच्यात असलं काय नव्हतं बाई, तुमच्या रक्तातलं ते."
आणि आई : "रक्तातलंच असलं तर पळून जाशील कुठं?"

सातव्या दिवशी शैलजक्कानं
जोतिबाची चुन्याची डबी उघडली.
चुना नव्हता.
वर्तमानपत्राच्या कपट्यात पिवळ्या बारक्या गोळ्या.

तो भिंतीकडे बघत म्हणाला,
"तळव्यांची आग होती गं. कौलांच्या भट्टीपुढं उभं राहून राहून.
नंदगडच्या बाजारात दिली एकानं, रात्री एक म्हणून.
एकानं भागंना. मग दोन.
मग मोजलंच नाही."

मी सातवीला मराठी शिकवते.
लघूची एक, गुरूच्या दोन.
ओळीत एक जरी वाढली तरी चाल अडखळते,
मी लाल पेनानं गोल करते.
"मात्रे निल्लिसी," डॉक्टर शैलजक्काला म्हणाले,
गोळी बंद.
हा शब्द मला दोन्ही भाषांत लहानपणापासून ठाऊक,
त्या दिवशी दोन्ही अर्थ
एकाच दारातून, एकमेकांना ढकलत, आत शिरले.

चार दिवसांनी नवा कागद.
रेघ वर गेली, आणि उतरली.
परत वर. परत उतरली.
इतकी साधी, की मला रडू आलं.

घराण्याचं पान डॉक्टरांनी फाडलं नाही.
घडी घालून फायलीत ठेवलं.
"वंशातलं नसावं," म्हणाले.
नसावं. नाही, असं नाही म्हणाले.
टाळायच्या गोळ्यांची यादी दिली,
ती जोतिबा आता चुन्याच्या डबीत ठेवतो.

घरी आईनं पुडी मागितली.
कपटा उलगडला, उजेडाला धरला, पुन्हा दुमडला,
जशी पूर्वी कितीदा दुमडली असावी तसा.
"असलीच असायची त्यांच्या बंडीत.
भट्टीवरनं आले की पाय मिठाच्या पाण्यात,
आन् एक गोळी."

एकच?

"मी कुठं मोजत बसले होते?"

बाबांच्या चौकोनावरची तिरकी रेघ
आता कुठल्या यंत्रातून काढायची?

त्या रात्री पोराच्या नाकाशी बोट धरलं नाही.

धरलं. एकदाच.