वीस मीटरची दोरी

रेल्वेत चौतीस वर्षं मी वळणं अशी राखली
की ती कुणाला कळू नयेत.
दोन माणसं, वीस मीटरची दोरी,
बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरायची
आणि मध्यावर पट्टी लावून बघायचं :
बाक किती मिलिमीटर.
एकाएकी वाढला तर चहा सांडतो.
चोरपावलांनी वाढला
तर वरच्या बर्थवरचं पोर कूससुद्धा बदलत नाही.

निर्मला म्हणायची,
तुमच्या लाइनीवर बसलं की
कधी वळलो तेच समजत नाही.
मी ते कौतुक समजायचो.

आता साकेगावच्या शिवारात
फालकांचा निनाद कार्टिंगचा ट्रॅक करतोय.
केळीचे खुंट निघालेत,
ठिबकच्या नळ्या अजून बांधावर वेटोळं करून.
"पाचपांडेकाका, वळणं तुम्हीच आखा."
चुन्याची पाटी घेऊन गेलो.
पहिलं वळण जीव लावून काढलं,
खापरावर मांडा पसरतो तसं, कुठे घडी नाही.

नजमा तडवी, यावलच्या गॅरेजवाल्याची मुलगी,
जुनी कार्ट घेऊन
रोलर फिरवलेल्या मुरमावर तीन फेऱ्या मारून आली.
हेल्मेट काढलं.
"काका, इथे झोप येते."

मग चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढत
ती पुढे, मी मागे.
इथपर्यंत बाहेरून यायचं, गवताला घासून.
इथे ब्रेक.
आत वळायचं उशिरा,
वाटतं त्याहून उशिरा,
आतल्या कर्बला चाक टेकवलं की मोकळं सुटायचं.
"आणि हे चौथं आवळत न्या.
आत शिरल्यावर कळलं पाहिजे
की हिशेब चुकला."

हिशेब चुकावा म्हणून बाक!
नोकरीत असतो तर चार्जशीट.
रात्रभर छताच्या पंख्याकडे बघत होतो.
रुळाला एकच रेषा असते, ती मी दिलेली.
इथे आठ मीटर रुंदी,
आणि तीत ज्याची त्याची निराळी.

सकाळी पुन्हा दोरी.
पट्टी पुरेना, बाक पावलांनी मोजला :
एक मीटर, दोन,
मग एकदम चार.
हात आपोआप चुना पुसायला गेला, आवरला.

दोरीचं दुसरं टोक धरलेला पोरगा ओरडतो,
"बरोबर आलं का, साहेब?"

नाही, म्हटलं.
राहू दे.