दाराची रुंदी

मापं घे पोरी, सावकाश घे.
फीत मी धरतो या टोकाला.
चर्च एवढंसं, पण घाई केलीस तर चुकशील.
तुझ्याआधी शहरातून आलेले दोघंही चुकले.

गावाचं चर्च ते वर, मोठ्या घंटेचं.
हे आमचं, बंधुमंडळाचं.
कास्तेल वेर्देनात कुणी मेलं की
पांढरे झगे घालून, टोपडी हनुवटीपर्यंत ओढून
जे खांदा द्यायला येत, त्यांचं.
झग्यात नोटरी काय, खेचरवाला काय, सारखेच.
ओळखू यायचे ते फक्त बुटांवरून.
म्हणून मग नियम झाला: अनवाणी.

दर्शनी भिंतीवर पाच खिडक्या मोजल्यास ना?
तीन खोड.
रंगवलेल्या आहेत त्या. काचेपुरते पैसे नव्हते,
चुन्यापुरते होते.
तिसरीत एक हात झडप ओढून घेतोय, बघ,
त्याला अंगठा नाही.
रंगाऱ्याची मजुरी थकली, तो समुद्राकडे निघून गेला.

छप्पर पाटीच्या दगडाचं. माझ्या बापानं शाकारलं,
त्याआधी त्याच्या बापानं.
प्रत्येक पाटीच्या पोटाला एकेक नाव कोरलंय,
गेलेल्या भावाचं.
पाऊस वरून वाहून जातो,
नावं कोरडी राहतात.

आणि हो, डावी भिंत वाकडी आहे,
तुझी फीत नव्हे.
एक विद्वान लिहून गेलाय,
क्रुसावर प्रभूची मान कलली तशी ही वास्तू कलते.
छान लिहिलंय. सणाच्या जेवणात आम्ही वाचून दाखवतो.
पण उंदरांनी कुरतडलेल्या वहीत,
प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षी, प्रायरच्या हातचं आहे:
"विधवा तोम्माझिना अंजीर तोडू देत नाही.
दोनदा विनवलं. भिंत वळवावी."
एवढंच.
तिचे तीन मुलगे आम्हीच नेले होते, एका आठवड्यात.
झाड तेवढं उरलं होतं.
कोण लावणार कुऱ्हाड?

अंगणातले काळे-पांढरे गोटे
बायकांनी ओच्यातून आणले, खालच्या नदीवरून.
त्यांची नावं वहीत नाहीत.
मी शोधली.

आता दार. लिही: एक मीटर चौऱ्याण्णव.
गवंडी पांतालेओ ते अरुंद बांधत होता,
वरच्या चर्चसारखं, उंचच उंच.
प्रायरनं त्याला अंगणात फळीवर आडवा केला,
सहा जणांनी उचलला, चौकटीपाशी आणला.
दोन्ही बाजूंचे खांदे अडकले.
पांतालेओ फळीवरूनच म्हणाला,
कळलं, उतरवा आता.

गेल्या फेब्रुवारीत गाउदेन्झिओ गेला.
आम्ही उरलो चार, त्यात माझा हा खुबा.
पेटीभोवती उभे होतो,
कुणीच कुणाकडे बघेना.
मग त्याची सून एर्मेलिंदा आणि ती बेकरीवाली
कपाटाकडे गेल्या.
झगे कुठल्या खणात, हे त्यांना विचारावं लागलं नाही,
तीस वर्षं धुतले, इस्त्री केले त्यांनीच.
टोपडी ओढली.
आणि वाकून बूट काढले.
बाहेर घोट्यापर्यंत बर्फ.

दारातून सहाही जण सरळ निघालो,
कुणालाही तिरकं व्हावं लागलं नाही.
पांतालेओचं माप बरोबर होतं.

वहीत रकान्यावर "बंधू" असं छापलेलं आहे.
ते खोडलं नाही मी.
समासात जागा होती, तिथे दोन नावं लिहिली,
जरा मोठ्या अक्षरात.
वरच्या पाद्रीनं अजून पाहिलेलं नाही.
गाउदेन्झिओची पाटी कोरायची राहिलीय,
हात थरथरतो, दगड ठिसूळ.

झालं? गुंडाळ फीत.
अंजीर? तेच नाही गं, त्याच्या मुळाचा फुटवा.
भिंतीला रेलून वाढलंय, निर्लज्ज.
खाली बघून चाल,
पिकलेली पडलीत,
पायाखाली येतील.