चामगड्डा

विडी घरकुलात आमच्या मोऱ्यांची तोंडं
मागच्या एकाच बोळात उघडायची.
तिथं भिंतीच्या कडेनं चार पावलं ओल.
भूमव्वा त्या ओलीला शेत म्हणायची.

नळाला पाणी पाचव्या दिवशी, कधी सातव्या.
तांदळाचं धुवण आधी भांड्यांना,
भांड्यांचं मग अळवाला.
"साबणाचं टाकू नको गं इकडं,
त्याला कळतंय."

मी म्हणायचे अळकुड्या, ती म्हणायची चामगड्डा,
पलीकडची निंगव्वा कानडीत आणखी काही.
पानांनी कुणालाच ओ दिली नाही.
एवढ्या तहानलेल्या गावात
पाणी अंगाला लावून न घेणारं
ते एकच पान.

वड्यांसाठी कुणी मागायला आलं
तर बाहेरची दोन द्यायची. तिसरं नाही.
"वरचं तुम्हीच खाल्लं तर खाली काय भरंल?"

मार्गशीर्ष सरता पानं माना टाकायची.
होम मैदानावर पाळण्यांचे खांब उभे राहायचे
आणि ती हसायची,
"गड्डा भरायच्या आत गड्डा काढायचा."
मोडक्या मागाचा एक लोखंडी दांडा होता तिच्याकडं,
त्यानं ती माती लांबून सैल करत यायची,
झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी.
मधे थोरला कांदा,
त्याला बिलगून दहा-बारा पोरी, केसाळ, चिखलानं माखलेल्या.
"थोरला घशाला खाजतो. पोरी घ्यायच्या."
माझे हात कोपरापर्यंत पेटायचे.
तिचे नाही. तीस वर्षं तंबाखूत बुडालेली बोटं,
त्यांना आता कशाचंच काही वाटत नव्हतं
असं ती सांगायची.
चिंचेच्या दाट कोळात शिजवून
वाटी माझ्या दारात ठेवून जायची, हाक न मारता.

मग ड्रेनेजची लाईन आली.
चांगलंच झालं, डास गेले, वास गेला,
खोटं कशाला बोलू.
जेसीबी यायच्या आदल्या रात्री
भूमव्वानं टॉर्चच्या उजेडात सगळं उकरलं.
भाद्रपदच होता. पानं हिरवीगार,
खाली बोराएवढाल्या गाठी.
विड्या मोजाव्यात तशा मोजल्या:
पंचविसाचा एक कट्टा, वर सात.
"शिजवायच्या नाहीत या. कच्च्या आहेत, झोपू दे."
कट्टा तिनं राखेत पुरून ठेवला.
वरच्या सात माझ्या पदरात.

मी त्या रंगाच्या फुटक्या डब्यात लावल्यात,
दारात, उन्हाला गोणपाटाचा आडोसा करून.
सहांना कोंब आलेत.
सातवी काही बोलत नाही,
मीही उकरून बघत नाही.

आज पाण्याचा दिवस नाही.
तांदूळ धुऊन पातेलं तसंच घेऊन बाहेर आले
तर समोरच्या खिडकीतून,
विडीचा दोरा दातात धरूनच,
"काय करालालीस गं?
हात साबणाचे नाहीत ना?"