लिंट

आगीनंतर नवव्या दिवशी
बेलफास्टहून विमा कंपनीचे मिस्टर क्रॉमी आले.
बुटांना गाळ लागू नये म्हणून
गिरणीच्या दारातच उभे राहिले, वही उघडून.
"काय जळलं?"
"लिंट," म्हणाले वडील.
"किती?"
"दोन गाड्या. झोडून तयार झालेलं. आणि छप्पर."
मी क्रॉमींच्या कोपराशी होते, अकरा वर्षांची.
त्यांनी लिहिलेल्या शब्दापुढे
एक बारीक प्रश्नचिन्ह मला दिसलं.

आमच्या ड्रमकर्नमध्ये सगळंच लिंट.
शेतात एका सकाळपुरतं निळं होतं, ते लिंट.
दुपारी पाकळ्या झडून उरतं, तेही.
ते कापायचं नसतं, मुळासकट उपटायचं,
म्हणून ऑगस्टात वाकलेली माणसं
सप्टेंबरातच सरळ होतात.
लव्हाळ्याच्या बंधाने पेंढ्या बांधून
डबक्यात दगडांखाली बुडवलं
की चौथ्या दिवसापासून अशी घाण सुटते
की रविवारी चर्चमध्ये आमच्या बाकावर
जागाच जागा.

शाळेतलं इंग्रजी मात्र निराळं.
बाई सांगायच्या: उभं पीक फ्लॅक्स,
त्याचा धागाही फ्लॅक्स, विणून झालं की लिनन.
बी पेरायचं तर फ्लॅक्सचं, तेल काढायचं तर लिनसीड.
झोडताना खाली पडतो तो आखूड, गुंतलेला चोथा, टो.
आणि गोष्टीतल्या राजकन्येचे केस फ्लॅक्ससारखे,
म्हणजे सोनेरी.
हे घरी सांगितलं तेव्हा आई इतकी हसली
की तिला खुर्ची धरावी लागली.
आमचं डबक्यातून निघायचं
ते उंदराच्या पाठीसारखं राखाडी.

बुधवारी कंपनीचं पत्र आलं.
लिंट म्हणजे जखमेवर बांधायचा कापूस,
असं त्यांच्या कोशात होतं,
आणि इतका कापूस खेड्यातल्या गिरणीत कशाला असेल?
तेव्हा आपल्याला टो म्हणायचं असावं
असं धरून, सोबत सात पौंड.

वडिलांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.
त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत बांधलेले.
आईने केमिस्टकडून आणलेली ती मऊ, पांढरी पट्टी.
पुडा अजून खिडकीत होता,
त्यावर छापलेलं: लिंट.
सगळ्यांनी तो पाहिला.
कुणी उचलला नाही.

मी दौत काढली.
"महोदय, जळलं ते फ्लॅक्स.
टो अंगणात होता, तो अजून आहे, येऊन पाहावा.
आमच्याकडे फ्लॅक्सला लिंट म्हणतात."
"म्हणतात नको," वडील म्हणाले. "आहे, असं लिही."
मी म्हटलं, तसं लिहिलं तर चूक धरतील.
ते बराच वेळ शेकोटीकडे बघत राहिले,
मग खुर्ची मागे घेतली, हात ठणकत होते म्हणून.

शेजारच्या सेलाइना मकार्ट अंडी द्यायला आल्या होत्या,
त्या दारातूनच म्हणाल्या,
"त्याला विचार, जखमेवरचं लिंट आलं कुठून.
माझी आई जुनी लिननची चादर सुरीने खरवडायची,
निघालेला मऊ भुसा घावात भरायची.
कापूस नंतर आला. येताना नाव आमचंच घेऊन आला."

हे मी पत्रात घातलं नाही.
कागद संपत आला होता,
आणि क्रॉमींना आणखी एक प्रश्नचिन्ह
काढायला जागा कशाला द्या.

बावीस पौंड आले. छपराला पुरले नाहीत.
एप्रिलमध्ये वडिलांनी मला
बी आणायला दुकानात पाठवलं.
मी काउंटरवर टाचा उंचावून, नीट, स्पष्ट म्हटलं,
"फ्लॅक्सचं बी द्या."
दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.
"कुणाची गं तू?" म्हणाला.
"इथली दिसत नाहीस."