बावीस डबे

पवननगरच्या स्टॉपसमोर माझं मेडिकल.
सकाळी शटर वर ढकलताना
एक कळ कमरेत उठते, एक लोखंडात.

तिसऱ्या फळीवर कंठमित्र.
हिरवा डबा, त्यावर तोंड उघडलेला गवई,
आणि डब्यांच्या खांद्यांवर एवढी धूळ
की बोटानं आकडा मांडता येतो.
काल मांडला : अडतीस.
बाजार बंद होतानाचा भाव.
मी घेतला तेव्हा बासष्ट होता,
चारशे शेअर, भिशीचे पैसे.
भामरे म्हणाला होता, "ताई, आपल्या अंबडची कंपनी,
डोळ्यांसमोरची चिमणी."
चिमणी दिसते. धूर दिसत नाही.

वार्षिक अहवाल पोस्टानं आला होता.
गुळगुळीत कागद, गुडघा धरून हसणारी बाई.
दुखतंय तर हसते कशाला?
पान एकोणचाळीस : विक्रीत अठरा टक्के वाढ.
पान एक्केचाळीस : येणं बाकी, दुप्पट.
मी बेरजा जुन्या बिलांच्या पाठीवर करते,
तिथेच केली.
मग फळीकडे पाहिलं.
आदल्या दिवाळीला पगारे बावीस डबे ठेवून गेला होता,
"पैसे सावकाश द्या मॅडम, आधी ठेवून तर घ्या."
ते बावीस डबे
त्यांच्या पानावर विकले गेलेत.
माझ्या फळीवर अजून आहेत.
एकाच वेळी दोन ठिकाणी असणं
आजवर फक्त देवांबद्दल ऐकलं होतं.

सातपूरच्या हॉलमध्ये सभा झाली, गेले.
उपमा, चहा, जाताना नमुन्यांची पिशवी.
उभी राहिले, नाव सांगितलं, विचारलं :
दुकानात पडून राहिलेला माल कुठल्या रकान्यात?
मंचावर कुणीतरी पाणी प्यालं.
"चांगला प्रश्न," बागड साहेब म्हणाले
आणि पुढचा प्रश्न घेतला.

एक सांगायचं राहिलं.
त्यानंतर महिनाभर मी ते डबे खाली आणून
काउंटरवर मांडले होते.
खोकत येईल त्याच्यापुढे आधी तेच.
एका पोराला ताप होता, तरी तेच सरकवलं.
त्याच्या आईनं सुटे दहा रुपये मोजले
आणि माझ्या डोक्यात चारशेनं गुणाकार झाला.
रात्री डबे परत वर.
फळी पुसली नाही.

मागून घेणारा एकच, सोपान गांगुर्डे.
पंचवटीच्या मार्केटात टोमॅटोचे लिलाव पुकारतो.
दर सोमवारी दोन पट्ट्या.
परवा विचारलं, गळ्याला फरक पडतो का हो?
बसक्या आवाजात म्हणाला,
"छे. गोड लागतं."
म्हटलं, यांचे शेअर आहेत माझ्याकडे, ठेवू की काढू?
त्यानं डबा घेतला,
हातात जोखला,
उलटा करून तळ पाहिला.
"वरचा थर सगळेच लावतात, ताई.
आम्ही क्रेटमध्ये खालून हात घालतो."

भामरेचा मेसेज : स्वस्तात आहे, अजून चारशे घ्या.
पगारेचा फोन : मार्चअखेर आहे मॅडम, दहा डबे ठेवू?
दोघांनाही उत्तर दिलेलं नाही.

तळावर मुदत छापली आहे, एप्रिल.
शेअरवर तशी छापत नाहीत.
एक पट्टी फोडून गोळी तोंडात टाकली.
सोपान म्हणतो ते खरं.
तेवढ्यात कुणी ओआरएस मागितलं,
गोळी गालात सरकवून
मी किंमत सांगितली.